वायर तपासली का?

बायोमेडिकल इंजिनियरिंग केलंय असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे डॉक्टर का इंजिनियर?" आमच्या कराडच्या शेजारच्या काकूंनी हा प्रश्न मला २०१८ पासून दर दिवाळीला विचारलाय आणि दर दिवाळीला मी वेगळं उत्तर दिलंय. एकदा म्हणाले हॉस्पिटलातली मशीन असतात ना ती बनवायची आणि दुरुस्त करायची, तर त्या लगेच आत गेल्या आणि काकांचं बीपीचं मशीन घेऊन आल्या. बॅटऱ्या उलट्या बसवल्या होत्या. माझी पहिली यशस्वी केस.

खरं सांगायचं तर ही ब्रँच मी विचार करून वगैरे घेतलेली नाही. सीईटीला बरे मार्क होते पण कॉम्प्युटर मिळण्याइतके नव्हते, आणि कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना सायबर कॅफेवाल्या दादाने विचारलं "अजून टाकायचं का काही", पप्पा म्हणाले टाक टाक, राहू दे, आणि सातव्या का आठव्या नंबरवर बायोमेडिकल गेलं. लागलं तेच. मुंबईत, हॉस्टेलसकट. घरी दोन दिवस शांतता होती. मग आज्जी म्हणाली "नावात मेडिकल हाय न्हवं, मग चांगलंच आसंल", आणि विषय मिटला.

फर्स्ट इयरबद्दल काही लिहीत नाही, ते सगळ्या ब्रँचला सारखंच असतं, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, एम वन एम टू, रात्री दोनला जर्नल उतरवणं. मेकॅनिक्सला केटी लागली, म्हणजे विषय राहिला. पुढे.

सेकंड इयरला ॲनाटॉमी फिजिऑलॉजी आलं आणि वर्गातली निम्मी पोरं हादरली, कारण बारावीला बायोलॉजी सोडून सुटलो म्हणून पार्टी केलेली पोरं होती ती. मला मात्र मजा यायला लागली. एकतर मॅडम शरीर शिकवायच्या ते सर्किट शिकवल्यासारखं. पेशीच्या आत आणि बाहेर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, आतली बाजू निगेटिव्ह, सोडियमचं दार उघडलं की तो उलटतो, पोटॅशियमचं उघडलं की परत जागेवर येतो, आणि हे एकापाठोपाठ एक पेशीत होत गेलं की तीच नस, तोच स्नायू, तेच हृदय. म्हणजे आपण सगळे बॅटरीवर चालतो हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कळलं.

पण आज मला लिहायचंय ते वेगळंच आहे. चार वर्षांत मी खूप विषय शिकले आणि बरेच विसरलेसुद्धा, पण डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलीये, की सगळी गंमत आणि सगळा घोळ मशीनमध्येही नसतो आणि माणसामध्येही नसतो, दोघं जिथे एकमेकांना चिकटतात तिथे असतो. म्हणजे ती वायर, तो इलेक्ट्रोड, तो बोटाला लावायचा चिमटा, दंडाला गुंडाळायचा कफ. सिलॅबसमध्ये त्याला एखाद-दुसरं चॅप्टर असतं आणि प्रत्यक्षात सगळी नोकरी तिथेच असते.

मला हे पहिल्यांदा कळलं ते सेकंड इयरच्या मिनी प्रोजेक्टला. आम्ही चौघांनी ईसीजीचं सर्किट करायचं ठरवलं, कारण सिनियर म्हणाले सोप्पं असतं. लॅमिंग्टन रोडला जाऊन एडी६२० घेतला, हा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायरचा आयसी, म्हणजे चिप, दोन इनपुटमधला फरक तेवढा मोठा करतो आणि दोघांत जे सारखं असेल ते सोडून देतो. एक आयसी मी उलटा लावून जाळला, परत ग्रँट रोड, परत तोच दुकानदार, त्याने न विचारताच दोन काढून दिले.

हिशोब असा होता की छातीवर मिळणारा सिग्नल साधारण एक मिलिव्होल्ट, तो हजार पट केला की एक व्होल्ट, झालं काम. एडी६२०चा गेन, म्हणजे किती पट मोठं करायचं ते, एकाच रेझिस्टरने ठरतो, ४७ ओहम लावला की हजारच्या वर जातो, आम्ही लावला. दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, ब्रेडबोर्ड, आर्डुइनो, लॅपटॉप. पेशंट म्हणून ग्रुपमधल्या एकाला टेबलावर झोपवलं. स्क्रीनवर सरळ रेषा. वर जाऊन चिकटलेली सरळ रेषा. "अरे तू मेलायस" वगैरे सगळे जोक झाले, वायरी हलवून झाल्या, आयसी बदलून झाला, रेषा काही हलेना.

सर आले, दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं इलेक्ट्रोड म्हणजे काय. आम्ही म्हणालो चिकटवायची चकती. सर म्हणाले ती बॅटरी आहे. आणि खरंच की, धातू आणि खारट जेल एकत्र आले की तिथे आपोआप व्होल्टेज तयार होतं, चांदी आणि सिल्व्हर क्लोराईडच्या इलेक्ट्रोडला ते साधारण २२० मिलिव्होल्ट असतं. दोन्ही चकत्यांना अगदी सारखं असतं तर प्रश्न नव्हता, एकमेकांना खाऊन टाकलं असतं. पण एकीचं जेल ओलं, दुसरीचं अर्धं वाळलेलं, एकीखाली घाम, दुसरीखाली केस, त्यामुळे पंचवीस-तीस मिलिव्होल्टचा फरक सहज राहतो. त्याला हजारने गुणलं की पंचवीस-तीस व्होल्ट, आणि आमची बॅटरी नऊची. ॲम्प्लिफायर बिचारा छताला टेकून बसला होता. हृदय आत धडधडत होतं पण त्याला दाखवायला जागाच नव्हती.

"आधी दहा, मग गाळा, मग शंभर." सरांचं हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. ४७ ओहम काढून ५.६ किलोओहम लावला, गेन दहाच्या आसपास आला, मग हाय पास फिल्टरने ती स्थिर भानगड काढून टाकली, मग पुढच्या स्टेजला शंभर. रेषा खाली आली. आणि हृदयाच्या जागी दिसायला लागली एक सुंदर, जाडजूड, ५० हर्ट्झची लाट. भिंतीतल्या वायरिंगची, ट्यूबलाइटची. माणूस म्हणजे एक चालताबोलता अँटेना असतो हे पुस्तकात वाचलं होतं पण आपल्या मित्राच्या छातीवर महावितरण दिसणं हा वेगळाच अनुभव आहे. (मुंबईच्या बहुतेक भागात महावितरण नाही हे मला माहीत आहे, पण सवय.)

मग आम्ही एकेक करत गेलो. वायरींची वेणी घातली. ट्यूब बंद केली. राईट लेग ड्राइव्ह लावलं, ही मला अजूनही फार हुशार कल्पना वाटते, शरीरावर जो गोंगाट बसलाय तो उलटा करून उजव्या पायातून परत शरीरातच सोडायचा म्हणजे तो आपला आपणच दबतो, मध्ये मोठा रेझिस्टर टाकायचा म्हणजे पायातून करंट जास्त जाणार नाही. कातडी स्पिरीटने पुसली, मग कुणीतरी म्हणालं वरचा मेलेला थर घासून काढला की रेझिस्टन्स पडतो, तर भांडी घासायची घासणी आणली, पेशंट ओरडला, पण सिग्नल सुधारला. तेवढ्यात मॅडम दारातून ओरडल्या "चार्जर! लॅपटॉपचा चार्जर काढ आधी!" कारण नियम होता, माणूस सर्किटला जोडलेला असताना भिंतीच्या सॉकेटशी कशाचाच संबंध नको. चार्जर काढला आणि अर्धा गोंगाट तिथेच गेला. नंतर मॅडमनी अर्धा तास झापलं आणि त्यातच शिकवलं, की हातातून जाणारा करंट कातडी बराच अडवते, पण कॅथेटर नाहीतर पेसमेकरची तार थेट हृदयापर्यंत गेलेली असली की मध्ये कातडीच नाही, म्हणून हृदयाला थेट लागणाऱ्या मशीनला नेहमीच्या चालू अवस्थेत फक्त १० मायक्रोअँपिअर गळतीची परवानगी असते. मिली नाही, मायक्रो. आमच्या लॅबच्या जुन्या सोल्डरिंग गनला हात लावला तरी झिणझिण्या यायच्या, तेव्हापासून तिच्याकडे बघायची माझी नजर बदलली.

संध्याकाळी साडेसहाला पहिला खरा ठोका दिसला. पी, क्यूआरएस, टी, म्हणजे एका ठोक्याच्या रेघेतले चढउतार, सगळं जागेवर. पेशंट आनंदाने हसला तर परत सगळं गवत, कारण हसला की छातीचे स्नायू पण आपली वीज सोडतात. "हसू नको रे" म्हणून आम्ही त्याच्यावर ओरडलो आणि तो अजून हसला. त्याचा व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे.

त्या रात्री मी आइंटहोवेनबद्दल वाचलं. नेदरलँड्सचा, लायडनचा डॉक्टर. पी क्यू आर एस टी ही नावं त्यानेच दिली आणि १९२४ सालचं नोबेल त्याला मिळालं. त्याचं ईसीजीचं मशीन सुमारे २७० किलोचं होतं, चालवायला पाच माणसं लागायची, आणि पेशंटचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. बादलीत! म्हणजे इलेक्ट्रोड तेव्हा बादली होती. त्याचा प्रॉब्लेम आणि आमचा प्रॉब्लेम एकच होता, कातडीतून वीज बाहेर कशी काढायची, फक्त त्याला घासणी सुचली नाही.

मार्च २०२० ला हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं. आठ दिवसांचे कपडे घेऊन आले आणि पुढचं दीड वर्ष कराडलाच गेलं. थर्ड इयरची सगळी प्रॅक्टिकल्स मी मोबाईलवर "बघितली". पेशंट मॉनिटर बघितला, डिफिब्रिलेटर बघितला, सगळं पीपीटीत. त्याबद्दल काय बोलणार.

पण एक झालं, आमच्या ब्रँचमधलं एक मशीन अचानक प्रत्येक घरात पोचलं. ऑक्सिमीटर. आमच्या गल्लीत तीन होते आणि तिन्हीचे निकाल माझ्याकडे यायचे. काकूंचा एकदा रात्री दहाला फोन, "अगं माझं चौऱ्याऐंशी दाखवतंय", आवाज घाबराघुबरा, पण वाक्य पूर्ण बोलत होत्या, धाप नव्हती. मी विचारलं हात गार आहेत का. डिसेंबर होता आणि त्या नुकत्याच भांडी घासून आल्या होत्या. म्हटलं हात चोळा, पोटाशी धरून बसा पाच मिनिटं, नेलपॉलिश असेल तर पुसा, मग परत लावा आणि बोट हलवू नका, आणि तरी कमी आलं तर लगेच दवाखान्यात जायचं, थांबायचं नाही. सत्त्याण्णव आलं. काकू म्हणाल्या म्हणजे मशीन खराब आहे. मी म्हटलं नाही हो, बोट गार होतं.

त्या चिमट्यात काय असतं तर दोन दिवे, एक ६६० नॅनोमीटरचा लाल आणि एक ९४०च्या आसपासचा इन्फ्रारेड जो आपल्याला दिसत नाही. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड कमी खातं, न घेतलेलं जास्त खातं, इन्फ्रारेडला उलट. पण बोटात नुसतं रक्त नसतं, हाड आहे, कातडी आहे, नख आहे, सगळेच उजेड खातात. मग रक्ताचा हिशोब वेगळा कसा काढायचा? तर ठोक्यागणिक जे हलतं तेवढंच बघायचं. हाड हलत नाही, धमनीतलं रक्त हलतं. म्हणून बोट गार पडलं, रक्त आत ओढलं गेलं, की हलणारा भाग इतका बारीक होतो की मशीन अंदाजपंचे सांगायला लागतं.

हे ज्याला सुचलं त्या ताकुओ आओयागीची गोष्ट मला फार आवडते. जपानमधला इंजिनियर, निहोन कोहडेन कंपनीतला, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो वेगळंच काहीतरी मोजत होता, रक्तात रंग सोडून हृदय किती रक्त फेकतं ते कानाला उजेड लावून बघत होता, आणि नाडीचे हेलकावे त्याच्या मोजमापात मध्येमध्ये येऊन त्रास देत होते. तो गोंगाट घालवायला त्याने दुसऱ्या रंगाचा उजेड वापरून बघितला आणि लक्षात आलं की ऑक्सिजन कमी झाला की हे गणित बिघडतं. म्हणजे जो कचरा काढून टाकायचा होता त्यातच माल होता. १९७४ ला त्याने ते मांडलं. आणि २०२०च्या एप्रिलमध्ये, जग त्याच्या चिमट्यासाठी मेडिकलच्या दुकानात रांगा लावत असताना, तो गेला. मी ते वाचलं तेव्हा आमच्या घरातला ऑक्सिमीटर टीव्हीवर रिमोटशेजारी पडलेला होता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी छापलं की काळ्या पेशंटमध्ये हा चिमटा ऑक्सिजन ठीक दाखवतो पण रक्त तपासलं तर कमी निघतो, असं गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा होतं. कारण दोन उजेडांचं गुणोत्तर आणि ऑक्सिजनचा टक्का यांची सांगड शेवटी निरोगी माणसांवर प्रयोग करूनच घातलेली असते, ती माणसं कोणत्या रंगाची होती यावर सगळं आलं. आमच्या एकाच घरात आज्जी गव्हाळ, पप्पा सावळे, आत्या गोरीपान. मी ऑनलाइन लेक्चरमध्ये विचारलं की मग आपल्याकडचं काय, सर म्हणाले चांगला प्रश्न आहे आणि त्यांचं नेट गेलं.

फायनल इयरला कॉलेज उघडलं आणि मी एका हॉस्पिटलात इंटर्नशिपला लागले. बायोमेडिकल डिपार्टमेंट बेसमेंटमध्ये, एका बाजूला लॉन्ड्री. पहिल्या दिवशी वाटलेलं एमआरआय उघडून बघायला मिळणार. एमआरआयला कंपनीचा माणूस येतो, आपण त्याच्यासाठी पास काढायचा आणि चहा सांगायचा. आमच्याकडे यायचे ते कॉल असे: मॉनिटर बंद आहे. सक्शन ओढत नाही. सिरिंज पंप ओरडतोय. एसपीओटू, म्हणजे ऑक्सिजनचा टक्का, येत नाही. आणि आमचे सिनियर, वीस वर्षं त्याच बेसमेंटमध्ये काढलेले, फोन कानाला लावून पहिलं वाक्य एकच बोलायचे, "सिस्टर, वायर तपासली का?"

मला सुरुवातीला ते टाळाटाळ वाटायची. महिन्याभरात कळलं की निम्म्याहून जास्त कॉल तिथेच संपतात. एसपीओटूची केबल बेडच्या रेलिंगमध्ये चेपलेली. ईसीजीचा इलेक्ट्रोड कालचा, जेल वाळलेलं. बीपी जास्त दाखवतंय म्हणून मशीन बदला म्हणतात आणि दंड आहे मोठा, कफ आहे छोटा, छोटा कफ लावला की बीपी खोटं जास्तच येणार. हे मशीन उघडून कितीही बघितलं तरी सापडत नाही. वॉर्डातल्या एका मावशींना मात्र सगळं माहीत होतं, कुठल्या बेडची कुठली वायर कशी धरली की चालते ते त्या सांगायच्या, इंजिनियरिंग त्यांनी केलं नव्हतं पण केबल मॅनेजमेंट त्यांचं.

ऑपरेशन थिएटरमधली कॉटरी, म्हणजे विजेने कापायचं मशीन, मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. सर्जन पेन टेकवतो तिथे मांस कापलं जातं आणि तोच करंट मांडीला चिकटवलेल्या पेशंट प्लेटमधून परत मशीनकडे जातो, तिथे मात्र काहीच होत नाही. करंट तोच! फक्त पेनाचं टोक बारीक आणि प्लेट मोठी, उष्णता पसरून जाते. फ्रिक्वेन्सी काही लाख हर्ट्झ, त्यामुळे नसा आणि स्नायूंना तो करंट जाणवतच नाही. पण प्लेट अर्धी सुटली तर? मग उरलेला छोटा तुकडा म्हणजे दुसरं पेनच झालं, आणि पेशंट भूल दिलेला, सांगणार कोण. म्हणून नव्या मशीनमध्ये प्लेटचे दोन भाग असतात आणि मशीन सतत बघत राहतं की दोन्ही नीट चिकटलेत का, नाहीतर अलार्म देऊन थांबतं. एकदा ऑपरेशनच्या सुरुवातीलाच तो अलार्म वाजला, सगळे वैतागले, कुणीतरी म्हणालं अलार्म बायपास होतो का बघा. सिनियर काही बोलले नाहीत, वाकून चादर उचलली, प्लेटची एक कड केसांवर चिकटवलेली. जागा कोरडी केली, केस काढले, नवी प्लेट लावली. अलार्म बंद. वर येताना जिन्यात मला म्हणाले, "अलार्मला शिव्या घालणारी माणसं मला आवडत नाहीत." एवढंच.

करिअरचं काय असं जुनियर विचारतात म्हणून थोडक्यात. आमच्या बॅचमधले बरेच आयटीत गेले, जावा शिकून. काही कंपन्यांत सर्व्हिस इंजिनियर आहेत, बॅग उचलून आज नांदेड उद्या जळगाव, पगार सुरुवातीला यथातथा पण हात तयार होतो. एक जण रेग्युलेटरीत, म्हणजे मशीनच्या सरकारी मंजुऱ्यांच्या कामात आहे, २०१७चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आल्यापासून तिथे कागदपत्रांचं काम बरंच वाढलंय, मशीनच्या जोखमीप्रमाणे ए बी सी डी क्लास, फाइलवर फाइल. एमटेकच्या गेट परीक्षेला २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे, आधी तोही नव्हता, दुसऱ्यांच्या पेपरला बसायला लागायचं. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत मात्र आपली ब्रँच शोधायला अजून भिंग लागतं. ही नाराजी आहे आणि ती राहणार.

गेल्या महिन्यात आज्जीला छातीत जळजळ होत होती म्हणून तिला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला. नवीन मुलगा होता, कंपाउंडरच्या हाताखालचा, घाईत होता. कागद बाहेर आला आणि मी सवयीने बघितलं, लीड वनमध्ये, म्हणजे दोन हातांमधला फरक दाखवणाऱ्या रेघेत, सगळंच उलटं, पी उलटी, क्यूआरएस उलटा, टी उलटी. एक सेकंद माझ्याच छातीत धस्स झालं. मग छातीवरचे लीड बघितले, ते व्ही वन पासून व्ही सिक्स पर्यंत अगदी शहाण्यासारखे चढत गेलेले. म्हणजे दोनच शक्यता, एक तर छातीचे लीड खोटं बोलतायत आणि आज्जीचं हृदय ऐंशी वर्षं उजवीकडे आहे आणि कुणालाच माहीत नाही, नाहीतर... मी तिच्या हातांकडे बघितलं. लाल चिमटा डाव्या मनगटाला, पिवळा उजव्या. लाल उजवीकडे हवा.

त्या मुलाला वाईट वाटू नये म्हणून हळूच म्हटलं, "दादा, वायर तपासता का जरा?" त्याने जीभ चावली, चिमटे बदलले, परत कागद काढला. सरळ. डॉक्टरांनी बघितलं, ॲसिडिटीची गोळी दिली, रात्री मिसळ खाऊ नका म्हणाले.

रिक्षात आज्जीने विचारलं काय केलंस गं तिथं. मी सांगितलं, लाल आणि पिवळी वायर अदलाबदल झाली होती, ती नीट केली. तिने जरा विचार केला.

"आन् एवढ्याला चार वर्सं लागली व्हय?"

पप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, ते इतके हसले की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.